मस्टरवर नाव आहे का? समूहवाचक इंग्रजी शब्दांची वऱ्हाडी कथा



आजचा विषय वाचून दोघातिघांनी आत येतानाच आम्हाला विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात हे इंग्रजीचं व्याकरण कुठून आलं? प्रश्न रास्त आहे. पण आपण बडनेऱ्यात बसलो आहोत, आणि हा विषय बडनेऱ्याइतका दुसरीकडे क्वचितच शोभेल. रेल्वे रुळाच्या एका बाजूला जुनी वस्ती, दुसऱ्या बाजूला नवी. मध्ये जंक्शन. या जंक्शनवरून कापूस गेला, खत आलं, पुढारी आले, आणि त्यांच्याबरोबर शब्दही आले. कंपनी, गँग, रेक, लॉट, कमिटी, काँग्रेस, पार्टी, युनियन, सोसायटी, मस्टर, ग्रुप. हे सगळे शब्द माणसांच्या किंवा वस्तूंच्या समूहाची नावं आहेत. आज आपण यांचा माग काढणार आहोत.

सुरुवात शाळेपासून करू. इंग्रजीच्या परीक्षेला बसणारा पोरगा घोकत असतो: शीपचा फ्लॉक, लायन्सचा प्राइड, फिशचं स्कूल. मासे शाळेत का जातात हे त्याला कुणी सांगत नाही. तिथलं ‘स्कूल’ शाळेचं नाहीच. ते जुन्या डच भाषेतून आलेलं, टोळी या अर्थाचं वेगळंच पद आहे. यातले बरेच शब्द १४८६ साली इंग्लंडात छापलेल्या ‘बुक ऑफ सेंट अल्बन्स’ या पुस्तकातल्या यादीत आहेत. शिकार, ससाणे आणि खानदानी चिन्हं यांचं ते पुस्तक. कुठल्या जनावरांच्या कळपाला काय म्हणायचं हे ज्याला अचूक ठाऊक, तो घरंदाज. ज्याला ठाऊक नाही, तो बाहेरचा. म्हणजे समूहाचं नाव सांगता सांगता ती यादी माणसांचीही विभागणी करत होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो आपल्याला शेवटपर्यंत लागणार आहे.

आपल्याकडे अशा शब्दांची वाण होती का? मुळीच नाही. आंब्यांची अढी, भाकऱ्यांची चवड, मडक्यांची उतरंड, किल्ल्यांचा जुडगा, केळ्यांचा घड, नाण्यांची चळत, गुरांचं खिल्लार, पोत्यांची थप्पी, कडब्याची गंजी. हे शब्द किती डोळस आहेत बघा. उतरंड म्हटलं की मोठं मडकं खाली आणि लहान वर, हे सांगावंच लागत नाही. अढी म्हटलं की आंबे नुसते ठेवलेले नाहीत, पिकायला घातलेले आहेत. वस्तू कशी रचली, कशासाठी रचली, हे सगळं एका शब्दात येतं.

माणसांसाठीही शब्द होते. तांडा, दिंडी, फड, पंगत, भाऊबंद, पंचायत. आणि वऱ्हाड! आपल्या प्रांताच्या नावाची व्युत्पत्ती पंडित वेगवेगळी सांगतात, पण लोकांच्या मनात ते लग्नाचंच वऱ्हाड आहे. रुक्मिणीचं माहेर कौंडिण्यपूर आपल्याच जिल्ह्यातलं, तेव्हा लोकांचंही काही चुकत नाही. आता वऱ्हाडात कोण जाणार हे लिहून ठेवावं लागत होतं का? नाही. सोयरे कोण, भाऊबंद कोण, हे सगळ्यांना ठाऊक. पंगतीला कोण बसणार हेही ठाऊक. आणि कोण बसणार नाही, कोणी उष्ट्या पत्रावळींची वाट बघत बाहेर थांबायचं, हेही सगळ्यांना ठाऊक. तिथे यादी नव्हती, कारण यादी जन्मानंच ठरलेली होती.

मग शब्दांचं एवढं भांडार असताना आपण इंग्रजी शब्द का घेतले? राज्य त्यांचं होतं म्हणून, हे उत्तर अर्धंच आहे. राज्य त्यांचं असूनही भाकऱ्यांच्या चवडीला कुणी ‘पाइल’ म्हटलं नाही. जे शब्द टिकले ते एका विशिष्ट जातीचे आहेत. समूह कसा दिसतो हे ते सांगत नाहीत. समूहात कोण आहे आणि कोण नाही, हे कागदावर ठरवणारे ते शब्द आहेत. त्यांच्यासोबत रजिस्टर आलं, वर्गणी आली, सही आली, अंगठा आला. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे: इंग्रजी समूहवाचक शब्द वऱ्हाडात यादी घेऊन आले, आणि गेल्या पावणेदोनशे वर्षांत वऱ्हाडी माणसाचा मोठा झगडा त्या यादीत नाव लागण्यासाठी झाला.

यादी हा प्रकार आपल्याकडे नव्हताच असं मात्र कुणी समजू नये. मराठ्यांच्या फौजेत हजिऱ्या होत, घोड्यांची मोजदाद होई, दप्तरं लिहिली जात. पण साध्या कास्तकाराचं, मजुराचं रोजचं पोट यादीवर अवलंबून असावं, ही गोष्ट नवी होती.

पहिला शब्द फौजेतलाच घेऊ. ‘कंटिन्जंट’. आज बडनेऱ्यात हा शब्द कुणाच्या तोंडी नाही, पण वऱ्हाडचा पुढचा शंभर वर्षांचा इतिहास याच शब्दानं ठरवला. कंटिन्जंट म्हणजे आपल्या वाट्याला आलेली, आपण पुरवायची तुकडी. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज होती. हुकूम इंग्रजांचा, पगार निजामाच्या खजिन्यातून. पगार थकत गेला, कर्ज चढत गेलं, आणि मे १८५३ मध्ये डलहौसीच्या काळात तह झाला. फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब हे मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. १८६० साली धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र राहिलं. कागदोपत्री आपला प्रांत झाला ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’, म्हणजे नेमून दिलेले जिल्हे. पुढे १९०२ साली लॉर्ड कर्झननं निजामाकडून वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर कायमचं भाडेपट्ट्यानं घेतलं, आणि १९०३ पासून ते मध्य प्रांताच्या कारभाराला जोडलं गेलं.

म्हणजे काय झालं? एका फौजी तुकडीच्या पगारासाठी लाखो कास्तकारांचा मुलूख तारण पडला. त्या तुकडीच्या हजेरीत एकेका शिपायाचं नाव होतं. ज्यांच्या जमिनी तारण पडल्या त्यांचं नाव तहात कुठेही नव्हतं. समूहाचा शब्द आला, पण आपण त्या समूहात नव्हतो. आपण त्याचा खर्च होतो.

फौजेतला दुसरा शब्द मात्र आपल्या घरात शिरला. पलटण. हीसुद्धा युरोपियन लष्करी शब्दांचीच लेक. पण सुटीत मामाच्या घरी सातआठ भाचरं उतरली की मामी म्हणते, ‘आली पलटण!’ तिथे हजेरी नाही, यादी नाही. शब्दाला आपण पार मराठी करून टाकलं.

आता फौजेकडून रुळांकडे येऊ. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली वऱ्हाडातून नागपूरला पोचली आणि बडनेरा मुख्य मार्गावर आलं. अमरावतीला जायचं तर इथे उतरून फाट्यानं जायचं. रेल्वेबरोबर दोन समूह आले: एक ‘रेक’, एक ‘गँग’.

रेक म्हणजे एकमेकांना जोडलेल्या डब्यांची माळ. आजही हंगामात ‘खताची रेक लागली का?’ असं कास्तकार विचारतो. त्याला वाघिणी किती हे नको असतं. आपल्या कृषी केंद्रात पोती कधी येतील एवढंच हवं असतं. गँगची गोष्ट वेगळी आहे. मुंबईच्या वर्तमानपत्रांनी गँग म्हणजे गुंडांची टोळी करून ठेवली. पण रेल्वेच्या वस्तीत वाढलेल्या माणसाला गँग म्हटलं की खांद्यावर पहार, हातात हातोडा घेऊन रुळांच्या कडेनं चालणारी माणसं दिसतात. गंमत म्हणजे तोच अर्थ जुना आहे. ‘गँग’चा मूळ अर्थ चालणं, जाणं. मग एकत्र जाणाऱ्यांचा, एकत्र काम करणाऱ्यांचा जथा. उन्हाळ्यात रूळ ताणतो, पावसाळ्यात भराव खचतो, थंडीत रुळाला तडा जातो. हे सगळं आधी गँगमनला दिसतं आणि मग इंजिनियरला. पुढे रेल्वेनं त्या पदाचं नाव बदलून ट्रॅकमन केलं, मग ट्रॅक मेंटेनर. काम तेच, रूळ तेच. नावातून गँग गेली तशी त्यातली सोबतही गेली, असं आम्हाला वाटतं. ‘ट्रॅक मेंटेनर’ हा एकटा माणूस आहे. गँगमन हा गँगचा माणूस होता.

इथेच आपला आजचा मुख्य शब्द येतो. गँगच्या हजेरीला काय म्हणतात? मस्टर.

या शब्दाचा प्रवास नीट बघण्यासारखा आहे. लॅटिनमध्ये ‘मोन्स्ट्रारे’ म्हणजे दाखवणं. त्यातून ‘मस्टर’ म्हणजे शिपायांनी एका जागी जमून आपण हजर आहोत हे दाखवणं. इंग्लंडात ही पाहणी नेटानं होई, कारण सरदार लोक मेलेल्या किंवा नसलेल्या शिपायांच्या नावानं पगार उचलत. त्या १४८६ च्या यादीत मोरांच्या थव्यालाही मस्टरच म्हटलं आहे. का, ते पिसारा बघितल्यावर कळतं! म्हणजे इंग्रजीत मस्टर हा जमाव आहे, डोळ्यांना दिसणारा. मराठीत आल्यावर मस्टर काय झालं? वही. ‘मस्टर घेऊन ये’, ‘मस्टरवर सही कर’, ‘मस्टर संपलं’. जमलेली माणसं शब्दातून निघून गेली आणि कागद तेवढा शिल्लक राहिला. आमचं जे म्हणणं आहे त्याचा याहून स्वच्छ पुरावा आम्हाला सापडलेला नाही. मजुरानं हा शब्द शब्दकोशातून घेतला नाही. माणूस उभा आहे, घाम गाळतो आहे, पण वहीत नाव नाही तर तो तिथे नाहीच, हा अनुभव घेऊन त्यानं अर्थ बदलला.

रेल्वेनं जो माल उचलायचा तो बाजारातून यायचा, म्हणून आता बाजारात जाऊ. वऱ्हाडचं पांढरं सोनं. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. कापसाचे भाव चढले. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावच्या रेल्वे फाट्याच्या उद्घाटनाला आला, यावरून कापसाचा मान लक्षात येईल. बाजारात आपले शब्द होते: गाडी, बोजा, खंडी, गाठ. भाव हर्रासात ठरे. कधी कापडाखाली हात धरून, बोटांच्या खुणांनी ठरे. मग ज्याचा माल आहे त्यालाच भाव शेवटी कळे. अडत, हमाली, मापाई, धर्मादाय असं कापत कापत कास्तकाराच्या हाती काय उरायचं ते इथल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको.

यावर उपाय म्हणून १८८६ साली कारंज्याचा कापूसबाजार नियमाखाली आणला गेला. भारतातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून शेतमाल विपणनाच्या पुस्तकांत त्याचंच नाव येतं. त्यापुढे १८९७ साली ‘बेरार कॉटन अँड ग्रेन मार्केट्स लॉ’ आला. अमुक गाव बाजार म्हणून जाहीर करायचं, तिथे एक कमिटी नेमायची, आणि तिनं वजनमापं, अडत, दलाली यांवर लक्ष ठेवायचं. देशातल्या पुढच्या सगळ्या बाजार समित्यांची ही आजी. ती वऱ्हाडात जन्मली याचा आपल्याला अभिमान असायला हरकत नाही.

पण त्या कमिटीत होतं कोण? व्यापारी. ज्याचा कापूस तोलला जाणार त्या कास्तकाराला तिथे खुर्ची नव्हती. तीस वर्षं हे असंच चाललं. मुंबई इलाख्यानं १९२७ साली आपला कापूसबाजाराचा कायदा केला तेव्हा पिकवणाऱ्याला जागा दिली. आणि लॉर्ड लिनलिथगो यांच्या शेती आयोगानं १९२८ च्या अहवालात वऱ्हाडच्या व्यवस्थेतल्या या उणिवेवर बोट ठेवलं. इंग्रजीत ‘कमिटी’ हा शब्द मुळात एका माणसासाठी होता. ज्याच्यावर काही सोपवलं तो. मग तो गटाचा झाला. आमच्या बाजारातल्या कमिटीवर कास्तकाराचं हित सोपवलेलं होतं, पण सोपवणारा कास्तकार नव्हता.

आता वर्ष लक्षात घ्या: १८९७. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमरावतीला राष्ट्रीय काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष मद्रासचे सी. शंकरन नायर, स्वागत समितीचे अध्यक्ष आपले दादासाहेब खापर्डे. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात होते. मुख्य मार्गानं येणाऱ्या पाहुण्यांना अमरावतीच्या आधी बडनेरा दिसलं.

‘काँग्रेस’ म्हणजे एकत्र चालून येणं. मराठीनं या शब्दाला आधी आपलं नाव दिलं होतं: राष्ट्रीय सभा. सुंदर शब्द होता. वर्तमानपत्रांनी तो पुष्कळ वर्षं चालवला. तरी टिकला काँग्रेस. का? आमचा तर्क असा. सभा म्हणजे आज भरली, उद्या उठली. काँग्रेस मात्र उठल्यावरही उरत होती. तिला प्रतिनिधी होते, ठराव होते, पुढे चार आण्यांचं सभासदत्व आलं आणि पावती आली. गावातला माणूस ‘मी काँग्रेसचा’ म्हणू लागला. ‘मी सभेचा’ असं कुणी म्हणत नाही. जन्मानं न मिळालेलं, पावतीनं मिळालेलं असं हे नवं नातं होतं, आणि त्याला जुनं नाव पुरलं नाही.

‘पार्टी’चं मात्र आपण भलतंच केलं. राजकीय पक्ष म्हणजे पार्टी, हुरड्याला जमणं म्हणजे पार्टी, आणि जमिनीच्या व्यवहारात ‘पार्टी आली हाये’ म्हणजे एकटा माणूस, खिशात पैसे असलेला. ‘पार्टी मोठी हाये बावा!’ असं म्हटलं की दहा माणसं आली असं कुणी समजत नाही. हा कोर्टातला अर्थ. वादी ही एक पार्टी, प्रतिवादी दुसरी. समूहाच्या शब्दातून समूहच गायब होण्याचा हा दुसरा नमुना.

यादीची ताकद सगळ्यात आधी कुणी ओळखली? ज्यांना पंगतीबाहेर ठेवलं होतं त्यांनी. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीला अस्पृश्य परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर, प्रश्न अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा, आणि पाठीशी डॉ. पंजाबराव देशमुख. मंदिरात कोण जाणार ही न लिहिलेली यादी होती. तिला उत्तर म्हणून परिषद भरली, ठराव झाले, ते लिहिले गेले. न लिहिलेल्या यादीशी भांडता येत नाही. लिहिलेल्या ठरावाला उत्तर द्यावं लागतं. पंजाबराव पुढच्याच वर्षी अमरावतीच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी सगळ्यांना खुल्या करण्याचा प्रश्न त्यांनी तिथे लावून धरला. १९३२ साली त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. बहुजनांच्या किती घरांतलं पहिलं नाव शाळेच्या पटावर तिथे लागलं ते तुम्हीच आठवून बघा.

बाबासाहेबांनी पुढे जे पक्ष आणि संघटना उभ्या केल्या त्यांची नावं बघा: १९३६ ची इंडिपेंडंट लेबर पार्टी, १९४२ साली नागपुरात स्थापन झालेलं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन. हे शब्द इंग्रजी आहेत हा योगायोग नाही. पंचायत, भाऊबंद, समाज या जुन्या शब्दांना जन्माचा वास चिकटलेला होता. फेडरेशनला, पार्टीला तो नव्हता. तिथे अर्ज भरला की माणूस सभासद. शाळेचं तोंड न बघितलेल्या गाडगेबाबांच्या कार्याला १९५२ साली संस्थेचं रूप आलं, तेव्हा नावात ‘मिशन’ आलं. आणि याच जिल्ह्यात तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीला जे उभं केलं त्याचं नाव श्रीगुरुदेव सेवा मंडळ. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९१४ पासूनचं. त्याच्या खेळाडूंनी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकवेळी आपले देशी खेळ करून दाखवले. म्हणजे मराठी शब्दही मागे नव्हते. पण ‘मंडळ’ आता जुनं मंडळ नव्हतं. त्याला घटना होती, सभासद होते, कार्यकारिणी होती. शब्द आपला, आणि आतली चौकट नवी.

आता सोसायटी. या एका शब्दात तीन महाराष्ट्र आहेत. मुंबईत सोसायटी म्हणजे इमारत. पाणी येतं का, लिफ्ट चालू आहे का. पुण्यात, विशेषतः जुन्या माणसांत, सोसायटी म्हणजे शाळा-कॉलेज चालवणारी संस्था. आणि वऱ्हाडात? ‘सोसायटी भरली का?’ म्हणजे पीककर्ज फेडलं का! १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तो सावकाराच्या वहीतून कास्तकार सुटावा म्हणून. सोसायटी म्हणजे सोबत, मैत्र. आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ झाला कर्ज. पण ते हसण्यावारी नेऊ नका. सावकाराच्या वहीत कास्तकार ऋणको होता. सोसायटीच्या वहीत तो ऋणको असला तरी सभासदही आहे. त्याला मत आहे.

आणि हे मत पुढे कुठे जातं बघा. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्यानं बाजार समितीत शेतकरी प्रतिनिधींना सगळ्यात जास्त जागा दिल्या. १८९७ ची चूक दुरुस्त झाली. पण त्या जागा निवडून देण्याची मूळ व्यवस्था अशी, की मत सोसायट्यांच्या संचालकांनी आणि ग्रामपंचायतींच्या सदस्यांनी द्यायचं. म्हणजे कमिटीचं दार सोसायटीतून उघडतं. ज्याचं नाव सोसायटीच्या यादीतच नाही, जो ठेक्यानं, बटईनं शेती करतो, ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही, ती पहिल्याच दारात अडते. तिच्या हातची सरकी पेरली जाते, तिच्या हातचा कापूस वेचला जातो, पण ना सोसायटी, ना कमिटी.

याच ठिकाणी एक छोटा शब्द: कोरम. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘ज्यांच्यापैकी’. म्हणजे ज्यांच्यापैकी इतके तरी हजर हवेत. मराठीत गणपूर्ती म्हणतात, बोलताना कोरमच. ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १००, यातलं जे कमी असेल तेवढे लागतात. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला पुन्हा कोरमची अट नाही. मग प्रोसिडिंग बुकात काय लिहिलं जातं आणि कुणाच्या सह्या नंतर घरोघर जाऊन घेतल्या जातात, हे आम्ही कशाला सांगावं? इथे बसलेले सगळे सुजाण आहेत. नाव यादीत असणं ही अर्धी लढाई. उरलेली अर्धी म्हणजे त्या दिवशी जाऊन बसणं.

यादीत नाव असण्याची किंमत सगळ्यात उघडी पडली ती १९७२ च्या दुष्काळात. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना तेव्हा राज्यभर चालली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम. खडी फोडायला, नाला बांधायला, रस्त्याला माणसं लोटली. बायका मोठ्या संख्येनं आल्या. आणि पुन्हा तोच शब्द: मस्टर. ‘मस्टर निघालं का?’ म्हणजे काम सुरू झालं का. ‘मस्टर बंद झालं’ म्हणजे चूल बंद झाली. नवऱ्याच्या नावाखाली न दडता बाईचं स्वतःचं नाव सरकारी कागदावर मजुरीसाठी लागलं, हे पुष्कळ घरांत पहिल्यांदा मस्टरवर घडलं. आणि मस्टरवर नसलेल्या माणसांची नावं घालून पैसे उचलण्याची जुनी विलायती युक्तीही त्याच वहीत शिरली. चारशे वर्षांपूर्वीचा इंग्लंडातला सरदार आणि इथला खोटं मस्टर भरणारा मुकादम एकमेकांना भेटले असते तर त्यांना दुभाष्या लागला नसता.

शेवटचा शब्द कंपनी. याचा मूळ अर्थ एकत्र भाकर खाणारे. म्हणजे आपली पंगतच! पण आपल्याला हा शब्द कळला तो कंपनी सरकार म्हणून. मग नाटक कंपनी आली, मग रेल्वे कंपनी. मूर्तिजापूरहून यवतमाळकडे आणि अचलपूरकडे धावणारी आपली शकुंतला देश स्वतंत्र झाल्यावरही खासगी कंपनीच्या मालकीची राहिली, हे सगळ्यांना माहीत आहे. कंपनी म्हणजे दूर कुठेतरी बसलेले मालक, हा अर्थ वऱ्हाडात पक्का होता. आणि आता? २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली, आणि आज गावोगाव शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत. कास्तकार आता भागधारक. बाया दहा ते वीस जणींचा बचत गट करून स्वतःच्या बैठकीची वही स्वतः लिहितात. शब्द एक मोठा वळसा घेऊन पंगतीकडे परत येतो आहे का? येऊ शकतो. पण भागधारकांची यादी कुणाकडे आहे, वार्षिक सभेची नोटीस कुणाला मिळते, आणि शेअर असलेल्या बाईला कापसाचा भाव ठरताना कुणी विचारतं का, हे प्रश्न १८९७ च्या कमिटीचेच आहेत.

आणि आपल्या खिशातला ग्रुप? तिथेही ॲडमिन आहे, यादी आहे, आणि २०२२ पर्यंत ‘लेफ्ट’ असं लिहून यायचं ते सगळ्यांना दिसायचं. सोपं झालंय ते आत येणं. पण तिथे ठराव नाही, प्रोसिडिंग नाही, आणि उद्या मोबाइल बदलला की पुरावाही नाही. गावचा मामला नुसता ग्रुपवर मिटवू नका, वहीत उतरवा, एवढंच सांगू.

व्याख्यान इथे संपतं. पण समोरून एक चिठ्ठी आली आहे, तिचं उत्तर देऊ. लिहिलंय, ‘हे इंग्रजी शब्द काढून मराठी वापरले तर बिघडलं कुठे?’ काही बिघडत नाही. समिती, संघ, मंडळ, गट, गणपूर्ती. खुशाल वापरा, चांगले शब्द आहेत. आम्हीही वापरतो. फक्त पाटी बदलली म्हणून रजिस्टर बदलत नाही. कमिटीची समिती झाली तेव्हा आतली नावं तीच राहिली असतील, तर मराठीचं भलं झालं आणि मराठी माणसाचं काहीच झालं नाही.

तेव्हा विनंती एवढीच. आपल्या गावच्या सोसायटीचं, शाळा समितीचं, बाजार समितीचं, असेल तर उत्पादक कंपनीचं रजिस्टर एकदा मागून बघा. त्यात कोण आहे ते वाचा. मग गावातून एक चक्कर मारा आणि कोण नाही ते मोजा. लग्नाच्या वऱ्हाडात कोण येणार हे आपल्याला न लिहिता ठाऊक असतं. या वऱ्हाडात कोण आहे, हे मात्र लिहूनच ठरवावं लागणार आहे.